पाहुणा कलावंत आणि त्याचा परिचय : खानदेशातील शास्त्रीय संगीताच्या मैफलींच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मैफलीला आरंभ होण्यापूर्वी निवेदक ध्वनिक्षेपकासमोर उभा राहतो आणि त्या संध्याकाळच्या पाहुण्या कलावंताचा परिचय वाचून दाखवितो. मागे तानपुरे जुळत असतात, तबलजी हातोडीने तबला मिळवीत असतो, श्रोते अद्याप जागा शोधत असतात. परिचयाचा मजकूर बहुधा ठरलेला असतो. कलावंताचे घराणे, गुरूंची नावे, विशारद किंवा अलंकार ही पदवी, आकाशवाणीची श्रेणी, मिळालेले पुरस्कार, गाजविलेले महोत्सव आणि शेवटी परदेशदौरे. दोन-तीन मिनिटांत हे वाचन संपते, टाळ्या होतात आणि षड्ज लागतो. संगीतसमीक्षेने रागाच्या मांडणीची, बंदिशींची, घराण्यांच्या वैशिष्ट्यांची चर्चा विपुल केली. परंतु या दोन-तीन मिनिटांकडे तिने क्वचितच लक्ष दिले. वस्तुतः एका कलावंताची संपूर्ण कारकीर्द श्रोत्यांसमोर कशा रूपात ठेवावयाची, याचा निर्णय तेथे झालेला असतो. त्या निर्णयाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही चिकित्सा खानदेशाच्या संदर्भात करण्यास विशेष कारण आहे. पुण्या-मुंबईच्या श्रोत्याने त्याच गायकाला पूर्वी पाच-सात वेळा ऐकलेले असते. त्याच्या दृष्टीने परिचय हा केवळ उपचार असतो. दीपनगरसारख्या ठिकाणी तसे नसते. भुसावळजवळची ही वसाहत औष्णिक विद्युत केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी उभी राहिली. येथील श्रोता वीज मंडळाच्या नोकरीत बदल्यांवर फिरलेला, पाळीच्या वेळापत्रकाने बांधलेला आणि बहुधा अन्य जिल्ह्यांतून आलेला असतो. अशा वसाहतीत वर्षातून एखाद-दुसरा पाहुणा कलावंत येतो आणि श्रोता त्याला प्रथमच पाहतो. त्यामुळे निवेदकाच्या कागदावर जे लिहिले आहे, तेच त्या कलावंताचे चरित्र ठरते. जळगावात एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून दरवर्षी बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो आणि त्यामुळे जिल्ह्यातील रसिकांना नामवंतांना ऐकण्याची संधी नियमाने मिळू लागली, ही आनंदाची बाब आहे. तरीही गावोगावच्या लहान बैठकींची गोष्ट वेगळीच राहते.

परिचयाची घडण

परिचयातील प्रत्येक घटक सुटा करून पाहिला, तर त्यामागे एकेक आश्रयदाता उभा असल्याचे दिसते. घराणे हा शब्द दरबारी आश्रयाच्या काळातून आला. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, किराणा ही नावे स्थळांची आहेत आणि त्यांतील काही स्थळे संस्थानिकांच्या राजधान्यांची आहेत. विशारद व अलंकार या पदव्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षापद्धतीतून रुळल्या. आकाशवाणीची श्रेणी ही १९५० च्या दशकात बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना दृढ झालेल्या स्वरचाचणीची देणगी आहे. अकादमीचे सन्मान आणि पद्म पुरस्कार ही स्वातंत्र्योत्तर शासनाची मोहर होय. परदेशदौऱ्यांचा उल्लेख पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी पश्चिमेचे दरवाजे उघडल्यानंतर प्रतिष्ठेचा झाला. म्हणजे कलावंताचा परिचय वाचताना निवेदक नकळत गेल्या दीडशे वर्षांतील आश्रयाचा इतिहासच थराथराने वाचत असतो. फक्त त्या थरांमधून व्यवहार काढून टाकलेला असतो. दरबाराने काय दिले, दरबार संपल्यावर चूल कशावर पेटली, शिकवण्या किती केल्या, नोकरी कोणती होती, बिदागी किती आणि कितीदा बुडाली, यांविषयी एक शब्दही नसतो.

वगळलेल्या या भागाला परिचयाच्या भाषेत एकच वाक्य राखीव असते. ते म्हणजे ‘नोकरी सांभाळून त्यांनी संगीतसाधना केली.’ जणू नोकरी ही साधनेच्या वाटेतील धोंड होती. या वाक्याची अपुरेपणा जाणवून देणारे उदाहरण डॉ. वसंतराव देशपांडे यांचे आहे. त्यांचा जन्म १९२० साली मूर्तिजापूरचा. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे गाव खानदेशाला परके नाही. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिक्षण, पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे तालीम, असा आरंभ झाला. त्यानंतर मात्र या असामान्य गायकाने आयुष्याची सुमारे दोन तपे संरक्षण खात्याच्या लेखा विभागात काढली. ती नोकरी सुटल्यानंतर १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि खाँसाहेबांच्या भूमिकेने वसंतराव घराघरांत पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय सत्तेचाळीस होते. १९८३ साली ते निवर्तले. म्हणजे ज्या कीर्तीच्या आधारे त्यांचा परिचय आज लिहिला जातो, ती अवघ्या सोळा वर्षांची आहे. उरलेला काळ परिचयात सामावत नाही. परंतु अनेक घराण्यांच्या गायकीचा अभ्यास, ठुमरी-गझलेपासून लावणीपर्यंतचा वावर आणि कोणत्याही एका संप्रदायाच्या दावणीला न बांधले जाण्याची वृत्ती ही सारी त्याच न सामावणाऱ्या काळात घडली. पगाराची नोकरी होती, म्हणून दरबारी वा घराणेदार शिस्तीला शरण जाण्याचे कारण उरले नाही, असेही म्हणता येईल. विद्युत केंद्रातील कर्मचारी श्रोत्याला हे समजणे मुळीच अवघड नाही. त्याला ते कोणी सांगत नाही, एवढेच.

वाट आणि मुक्काम

खानदेशाच्या नावाचे घराणे नाही. संगीताच्या इतिहासात हा प्रदेश यजमान म्हणून येतो, आणि त्याहूनही अधिक वाटेवरचा प्रदेश म्हणून येतो. मुंबईहून उत्तरेकडे व नागपूरकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटा भुसावळ जंक्शनवर फुटतात. गायकाच्या कारकिर्दीत प्रवासाचे स्थान किती मोठे होते, हे परिचयातून कधीच कळत नाही. तेथे केवळ पोहोचल्याची गावे असतात.

ग्वाल्हेरचे उस्ताद रहिमत खाँ यांचे उदाहरण या दृष्टीने विलक्षण आहे. हद्दू खाँ यांचे हे पुत्र विपन्नावस्थेत असताना त्यांना आधार दिला तो विष्णुपंत छत्रे यांनी. विष्णुपंत स्वतः हद्दू खाँ यांचे शिष्य. परंतु महाराष्ट्राला ते परिचित आहेत सर्कसचे संस्थापक म्हणून. ग्वाल्हेर गायकीचा एक थोर वारस दीर्घकाळ सर्कशीच्या तंबूबरोबर गावोगाव फिरला. विष्णुपंतांच्या मृत्यूनंतर त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांचा सांभाळ केला आणि १९२२ साली कुरुंदवाड येथे त्यांचा अंत झाला. दरबाराच्या जागी सर्कस, हा आश्रयाचा बदल परिचयाच्या चौकटीत बसविणे खरोखर कठीण आहे. म्हणूनच तो बहुधा ‘आख्यायिका’ या सदरात ढकलला जातो आणि चमत्कारिक स्वभावाचे किस्से सांगून संपविला जातो.

पंडित भीमसेन जोशी यांच्या बालपणीच्या पलायनाची कथा याउलट परिचयात हटकून येते. अकरा वर्षांचा मुलगा गाण्याच्या ओढीने घर सोडतो, विनातिकीट रेल्वेने प्रवास करतो, डब्यात गाऊन दाखवितो आणि ग्वाल्हेर गाठतो. दक्षिणेकडून ग्वाल्हेरला जाण्याची रुळलेली वाट भुसावळवरून आहे, त्यामुळे या भागातील श्रोत्याला ती कथा अधिकच जवळची वाटते. कथा खरी आहे आणि हृद्यही आहे. परंतु परिचयात तिचा उपयोग कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. ती यशाची पहिली पायरी म्हणून सांगितली जाते. ज्यांनी असेच घर सोडले आणि जे कोठेच पोहोचले नाहीत, त्यांचा परिचय वाचण्याचा प्रसंगच येत नाही. परिचय हा मुळातच पोहोचलेल्यांचा इतिहास आहे.

बालगंधर्व : नावाचा महोत्सव, कारकिर्दीची वजाबाकी

ज्यांच्या नावाने जळगावात महोत्सव भरतो आणि ज्यांच्या नावाचे खुले नाट्यगृहही शहरात आहे, त्या नारायण श्रीपाद राजहंस यांचा जळगावशी संबंध केवळ स्मारकाचा नाही. बालपणातील काही काळ त्यांनी जळगावात घालविला आणि गाण्याचे आरंभीचे पाठ त्यांना येथेच मेहबूब खाँ यांच्याकडे मिळाले. ज्या गावाने पुढे त्यांना पाहुणा म्हणून गौरविले, तेथे ते प्रथम विद्यार्थी होते.

बालगंधर्वांचा परिचय कोणालाही पाठ असतो. जन्म १८८८, किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश १९०५, गंधर्व नाटक मंडळीची स्थापना १९१३, ‘संयुक्त मानापमान’ १९२१, नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद १९२९, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५५, पद्मभूषण १९६४, निधन १९६७. या सनावळीत १९२९ ते १९५५ हे अंतर सव्वीस वर्षांचे आहे. या अवधीत मंडळीवर कर्ज होते, बोलपटाचे आव्हान होते, १९३५ साली प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेत केलेला आणि फारसा न रमलेला प्रयोग होता, पुन्हा रंगभूमीकडे परतणे होते, वाढत्या वयात स्त्रीभूमिका करणे होते, पायांचे दुखणे होते आणि अखेरच्या पर्वातील भजनांचे कार्यक्रम होते. शास्त्रीय संगीताच्या दृष्टीने पाहता हे भजनपर्व उपेक्षणीय नाही. नेपथ्य, शालू, अत्तर आणि भरगच्च वाद्यमेळ यांचा आधार गेल्यावर केवळ आवाज आणि लय यांवर उभे राहण्याचा तो काळ होता. भास्करबुवा बखले यांच्याकडून मिळालेल्या तालमीची खरी परीक्षा तेथे झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु परिचयाला उतार मान्य नसतो. त्याला शिखरे हवी असतात, आणि दोन शिखरांमधील दरी त्याने सन्मानांच्या पुलाने ओलांडलेली असते.

याच प्रकारची वजाबाकी अन्यत्रही आढळते. पंडित कुमार गंधर्व यांच्या बाबतीत क्षयाचे आजारपण सांगितले जाते, कारण त्यानंतरचे पुनरागमन तेजस्वी होते. १९४८ साली ते देवासला आले आणि पुढील सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद होते. त्या वर्षांत घर चालले ते पत्नी भानुमती यांच्या शिक्षिकेच्या नोकरीवर. परिचयात माळव्याच्या लोकधुना येतात, नव्या बंदिशी येतात, भानुमतींची नोकरी येत नाही. लोकधुनांकडे लक्ष देण्याइतका वेळ ज्या पगाराने विकत घेतला, तो संगीताच्या इतिहासाचा भाग नव्हे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

निमंत्रणाचा व्यवहार

परिचयाचा हा साचा केवळ वाङ्मयीन दोष असता, तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु निमंत्रणे त्यावरून ठरतात. लहान गावातील आयोजकाजवळ निधी मर्यादित असतो. स्थानिक बँक, व्यापारी, एखादी पतसंस्था किंवा औद्योगिक वसाहतीचे कल्याण मंडळ यांच्याकडून त्याला मदत मिळवावयाची असते. मदत देणाऱ्याला राग मारवा कसा गायला जाईल हे सांगून उपयोग नसतो. पुरस्कारांची यादी दाखविली की काम सुकर होते. आयोजकाला याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र परिणाम असा होतो की, परिचय भरगच्च असलेल्या कलावंताचा परिचय आणखी भरगच्च होत जातो.

या संदर्भात परिचयातील विशेषणे बोलकी आहेत. पस्तिशीपर्यंतचा कलावंत ‘तरुण पिढीतील आश्वासक’ असतो. साठी ओलांडलेला ‘ज्येष्ठ’ असतो. मधल्या पंचवीस वर्षांसाठी मराठी निवेदनाने एकही विशेषण घडविलेले नाही. ‘आश्वासक’ म्हणण्याचे वय उलटलेले आणि ‘ज्येष्ठ’ म्हणण्याइतके पिकलेले नसलेले गायक-वादक म्हणजे वस्तुतः ऐन भरातील कलावंत होत. आवाज तयार, विचार परिपक्व, श्वास पुरेसा. आणि नेमके हेच वय शिकवण्या व नोकरीच्या ओझ्याखाली जाते.

पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांची कारकीर्द येथे कसोटीप्रमाणे वापरता येते. १९१० साली जन्मलेले मन्सूर तरुण वयातच ध्वनिमुद्रिकांमुळे परिचित झाले होते. उस्ताद मंजी खाँ आणि त्यांच्या निधनानंतर बुर्जी खाँ यांच्याकडून त्यांना जयपूर घराण्याची दुर्मीळ तालीम मिळाली होती. तरीही पद्मश्री १९७० साली, पद्मभूषण १९७६ साली आणि पद्मविभूषण १९९२ साली, म्हणजे निधनाच्याच वर्षी, असा सन्मानांचा क्रम आहे. समजा, १९६५ च्या सुमारास एखाद्या वसाहतीच्या समितीसमोर त्यांचा परिचय आला असता, तर त्यात पद्म नाही, परदेश नाही, केवळ गुरूंची नावे आणि धारवाडचा पत्ता. त्या वर्षी ते पंचावन्न वर्षांचे होते आणि गाणे तेच होते, जे पुढे देशाने डोक्यावर घेतले. समितीने त्यांना बोलाविले असते किंवा नसते. परंतु परिचयाच्या आधारे बोलाविण्याचे कारण तिला सापडले नसते, एवढे निश्चित.

आकाशवाणीने काही काळ ही उणीव भरून काढली, हे मान्य केले पाहिजे. जळगाव केंद्र १९७६ साली सुरू झाले आणि श्रेणी मिळविलेल्या स्थानिक गायक-वादकाला ध्वनिक्षेपण व मानधन ही दोन्ही उपलब्ध झाली. श्रेणी हा निकष रूक्ष असला, तरी तो गाणे ऐकून दिलेला असतो. पुरस्काराबाबत तसे नेहमीच म्हणता येत नाही.

साथीदारांची ओळ

परिचय संपता संपता निवेदक म्हणतो, “त्यांना तबल्यावर साथ करीत आहेत…, संवादिनीवर…” आणि दोन नावे उच्चारतो. कागद घडी होतो. साथीदाराची कारकीर्द एका ओळीत, किंबहुना केवळ नामोल्लेखात आटोपते. खानदेशातील मैफलींच्या दृष्टीने ही ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, कारण प्रवासखर्च वाचविण्यासाठी पाहुण्या गायकाला जळगाव-भुसावळ परिसरातील तबलजी किंवा संवादिनीवादकच अनेकदा दिला जातो. परगावचा गायक आणि स्थानिक साथीदार यांची भेट मैफलीपूर्वी तासभर होते. त्या तासात कोणता ठेका, कोणती लय, कोठे थांबावयाचे, हे ठरते आणि त्यावर पुढील तीन तास उभे राहतात.

साथीदाराची कारकीर्द सांगण्यासारखी नसते, असा समज असेल तर तो उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्या चरित्राने दूर व्हावा. गंधर्व नाटक मंडळीत त्यांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी होती. नाट्यपदांना त्यांनी जे वजन दिले, त्यावर बालगंधर्वांची कीर्ती अंशतः तरी उभी आहे. पुढे थिरकवा रामपूर दरबारात गेले, नंतर लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात अध्यापन केले, १९७० साली पद्मभूषण झाले आणि १९७६ साली निवर्तले. नाटक कंपनी, दरबार, महाविद्यालय, शासन. परिचयातील आश्रयाचे बहुतेक थर एका तबलावादकाच्या आयुष्यात सापडतात.

संवादिनीवादकाची कथा अधिक अवघड आहे. १९४० साली नभोवाणीने संवादिनीला बंदी केली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. त्या काळात मैफलीत रोज वाजणारे वाद्य रेडिओवर मात्र परके होते. त्यामुळे त्या पिढीच्या संवादिनीवादकाला ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त’ हे बिरुद मिळण्याचा मार्गच नव्हता. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या श्रेष्ठ संवादिनीवादकाचे नाव टिकले, त्याला संगीतकार, नट, लेखक आणि गंधर्व मंडळीचे एक संस्थापक ही त्यांची अन्य रूपे कारणीभूत आहेत. आप्पा जळगावकर आणि भीमसेन जोशी दोघेही १९२२ साली जन्मले. आप्पांनी भीमसेन, कुमार गंधर्व, वसंतराव, किशोरी आमोणकर अशा परस्परभिन्न गायकींना साथ केली. सुरावर सूर न चढविता मागोमाग चालण्याची ही विद्या सर्वथा स्वतंत्र आहे. भीमसेनांच्या परिचयाला आज पाने पुरत नाहीत. आप्पांचा परिचय मात्र ‘अनेक दिग्गजांना साथ’ या शब्दांपलीकडे फारसा जात नाही.

पाश्चात्य कक्षसंगीतातही हा भेद होता. गायकाबरोबर पियानो वाजविणाऱ्याचे नाव तेथेही दीर्घकाळ बारीक टाइपात छापले जाई. जेराल्ड मूर या इंग्रज पियानोवादकाने वादन आणि लेखन या दोन्ही मार्गांनी त्याविरुद्ध चिकाटीने बाजू मांडली. १९६७ साली लंडनमध्ये त्याचा निरोपाचा कार्यक्रम झाला, तेव्हा श्वार्त्सकोफ, दे लोस आंखेलेस आणि फिशर-डीस्काउ असे तीन अग्रगण्य गायक त्याच्यासाठी एकाच व्यासपीठावर गायले. बालगंधर्वांचे निधन आणि ‘कट्यार’चा पहिला प्रयोग हे दोन्ही त्याच वर्षीचे. त्या वर्षी आपल्याकडील संवादिनी अद्याप आकाशवाणीच्या दाराबाहेर होती.

खानदेशातील आयोजकांना नवा खर्च न करता एक बदल करता येण्यासारखा आहे. निवेदकाच्या कागदावर पाहुण्या गायकाचे पाच पुरस्कार कमी करावेत आणि त्या जागी साथीदाराने हे वाद्य कोणाकडे, कोठे आणि कोणता उदरनिर्वाह करीत शिकले, तेवढे लिहावे. भुसावळच्या किंवा जळगावच्या एखाद्या तबलजीबाबत ती माहिती मिळविण्यास दूरध्वनीचीही गरज नाही. तबला मिळविला जात असतानाच ती त्याला विचारता येते.